आर्पाद एलो : खेळाडूंना आकडा देणारे भौतिकशास्त्राचे शिक्षक



केंद्रस्तरीय बुद्धिबळ स्पर्धेसाठी शाळेतून चार मुलं निवडायची असतात. खेळणारी मुलं मात्र पंधरा. मग आपण काय करतो? मागच्या वर्षी कोण जिंकलं ते आठवतो, वर्गात हुशार कोण ते बघतो, कधी कधी तर कुणाचे पालक जास्त वेळा येऊन भेटतात याचाही नकळत परिणाम होतो. निवड झाली की मागे राहिलेलं एखादं मूल विचारतं, "सर, मी तर त्याला दोनदा हरवलं होतं, मग मी का नाही?" याचं सरळ उत्तर आपल्याकडे नसतं.

हाच प्रश्न मोठ्या पातळीवर सोडवण्यासाठी एका शिक्षकाने आयुष्यातली कित्येक वर्षे दिली. त्यांचं नाव आर्पाद एलो. बुद्धिबळातला 'एलो' हा शब्द आपण रोज ऐकतो. पुष्कळांना तो इंग्रजीतल्या आद्याक्षरांचा संक्षेप वाटतो. तसं नाही बरं का! ते एका माणसाचं आडनाव आहे. हंगेरियन भाषेत त्याचा अर्थ होतो 'जिवंत'.

बालपण आणि शिक्षण

आर्पाद एलो यांचा जन्म २५ ऑगस्ट १९०३ रोजी हंगेरीतल्या एका खेड्यात झाला. ते साधारण दहा वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब अमेरिकेत स्थायिक झाले. नवा देश, नवी भाषा. पुढे शिकागो विद्यापीठातून त्यांनी भौतिकशास्त्रात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. १९२६ पासून ते विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवू लागले आणि अनेक दशके शिकवत राहिले.

शिकवणं हा त्यांचा पेशा आणि बुद्धिबळ हे त्यांचं वेड. विस्कॉन्सिन राज्याचे विजेतेपद त्यांनी आठ वेळा मिळवले. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाच्या उभारणीतही त्यांचा सहभाग होता. म्हणजे बघा, पटावर बसून हरण्याचा आणि जिंकण्याचा अनुभव त्यांना होता आणि मोजमाप कसं करायचं याचं शास्त्रही त्यांना येत होतं. या दोन गोष्टी एकाच माणसात एकत्र आल्या आणि म्हणूनच पुढचं काम झालं.

आधी काय होतं?

अमेरिकेत खेळाडूंना गुण देण्याची एक पद्धत १९५० पासून चालू होती. ती केनेथ हार्कनेस यांनी बसवली होती. पद्धत सोपी होती. स्पर्धेत समोर आलेल्या खेळाडूंच्या गुणांची सरासरी काढायची. निम्मे डाव जिंकले तर तेवढेच गुण. निम्म्यापेक्षा जास्त जिंकले तर प्रत्येक टक्क्यामागे १० गुण वर, कमी जिंकले तर १० गुण खाली. काम भागत होतं, पण निकाल कधी कधी पटत नसत.

१९५९ मध्ये महासंघाने या पद्धतीचा फेरविचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिचे नेतृत्व एलो यांच्याकडे दिले. त्यांनी तयार केलेली पद्धत १९६० मध्ये अमेरिकेत स्वीकारली गेली. १९७० मध्ये 'फिडे' या जागतिक बुद्धिबळ संघटनेनेही ती घेतली. सुरुवातीची कित्येक वर्षे जगभरातल्या खेळाडूंच्या गुणांचे काम एलो स्वतः सांभाळत होते. या सगळ्यामागचं शास्त्र त्यांनी १९७८ मध्ये पुस्तकरूपाने मांडले.

पद्धत नेमकी काय आहे?

हे आपण वर्गातल्या उदाहरणाने समजून घेऊ. माणूस रोज सारखा खेळत नाही. एखाद्या दिवशी चांगला, एखाद्या दिवशी वाईट, पण बहुतेक दिवशी मधल्या कुठल्यातरी पातळीवर. एलोंनी हेच गृहीत धरलं. त्यामुळे दोघांच्या गुणांतल्या फरकावरून कोण किती वेळा जिंकेल याचा अंदाज बांधता येतो.

समजा, एका मुलीचे गुण १६०० आहेत आणि एका मुलाचे १४००. फरक २०० चा. अशा फरकात वरच्या खेळाडूने १०० पैकी साधारण ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. आता एक डाव झाला. बदलाचा गुणक २० धरला तर :

१) मुलगी जिंकली तर तिचे साधारण ५ गुण वाढतील आणि मुलाचे ५ कमी होतील. अपेक्षितच होतं, म्हणून बक्षीस लहान.

२) मुलगा जिंकला तर त्याचे १५ गुण वाढतील आणि तिचे १५ जातील. अनपेक्षित घडलं, म्हणून बदल मोठा.

३) बरोबरी झाली तरी मुलाला सुमारे ५ गुण मिळतात, कारण आपल्यापेक्षा वरच्या खेळाडूला त्याने रोखून धरलं.

या पद्धतीत नुसतं जिंकलास का हरलास एवढंच बघत नाहीत. तुझ्याकडून काय अपेक्षा होती आणि तू प्रत्यक्षात काय केलंस, यातलं अंतर बघतात. दुबळ्यांना हरवत राहून कुणी झपाट्याने वर जाऊ शकत नाही आणि बलाढ्य खेळाडूसमोर हरल्याने कुणी फारसं खालीही येत नाही.

बुद्धिबळाबाहेरचा प्रवास

पुढे हा विचार अनेक खेळांत गेला. अमेरिकेत लोकप्रिय असलेला पूल हा खेळ घ्या. सहा खिशांच्या टेबलावर काठीने चेंडू मारायचा, बिलियर्ड्सच्या कुळातला हा खेळ. तिथे आज 'फार्गोरेट' नावाचे मानांकन वापरतात. त्याची जातकुळी एलोंच्या पद्धतीचीच. दोन खेळाडूंत १०० गुणांचा फरक असेल तर वरचा खेळाडू दोन डाव जिंकेल तेव्हा खालचा एक जिंकेल, असा त्याचा अर्थ. व्यावसायिक पूलमध्ये १९९४ पासून युरोप विरुद्ध अमेरिका अशी मॉस्कोनी चषकाची लढत होते. संघात जागा मोजक्याच, म्हणून निवडीवरून दरवर्षी चर्चा रंगते. क्रमवारीतून आलेले खेळाडू असतात, तसेच कर्णधाराच्या पसंतीचेही असतात. म्हणजे आकडा हाताशी असला तरी माणसाचा निर्णय सुटत नाही.

आकड्याची मर्यादा

एलो स्वतः आपल्या आकड्याकडे फार भाबडेपणाने बघत नसत. पाण्यावर डुचमळणाऱ्या बुचाची जागा वाऱ्यावर हलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजावी, तसं हे मोजमाप आहे असं ते सांगत. शोध लावणाराच असं म्हणतो, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

एक उदाहरण पाहू. १९८६ मध्ये फिडेने सर्व महिला खेळाडूंना १०० गुण वाढवून देण्याचा निर्णय घेतला. बहुतेक महिला आपसांतच खेळतात, त्यामुळे त्यांचे गुण पुरुषांच्या तुलनेत कमी मोजले गेले आहेत, असे कारण दिले. एकच खेळाडू वगळली. हंगेरीची सुसान पोल्गार, वय १७. ती पुरुषांशी खेळत आली होती म्हणून तिला वाढ नाही. त्यामुळे महिलांच्या यादीतलं तिचं पहिलं स्थान गेलं. वेगवेगळ्या गटांतले आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत हे खरं, पण दुरुस्ती करताना एका मुलीला त्याची किंमत मोजावी लागली.

आपल्या जवळचं उदाहरणही आहे. २०२५ च्या महिला विश्वचषकात नागपूरची दिव्या देशमुख मानांकनात १५ व्या क्रमांकावर होती. आकड्यांनुसार तिच्यापुढे चौदा जणी. जिंकली मात्र तीच! त्याआधी २०२४ मध्ये भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण मिळवलं. दिव्या महिला संघात होती, नाशिकचा विदित गुजराथी पुरुष संघात. ही स्पर्धा झाली बुडापेस्टला, म्हणजे एलोंच्याच जन्मदेशात.

आपण काय घ्यायचं?

५ नोव्हेंबर १९९२ रोजी एलो यांचं निधन झालं. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. आज फिडेच्या नियमांत सर्वांसाठी बदलाचा गुणक सारखा नाही. २४०० गुण गाठलेल्या खेळाडूसाठी तो १०, बहुतेक प्रौढांसाठी २० आणि नवख्यांसाठी व बहुतेक १८ वर्षांखालील मुलांसाठी ४०. का? तर मुलं भराभर बदलतात. मागच्या वर्षीचा आकडा त्यांच्या आजच्या खेळाचं चित्र दाखवत नाही.

आपण मात्र नेमकं उलटं करतो. तिसरीत 'ढ' म्हटलेलं मूल सातवीपर्यंत 'ढ'च राहतं. चौथीत पहिला आलेल्याकडून दहावीपर्यंत पहिल्याच नंबराची अपेक्षा. मुलांचा आकडा आपण दगडावर कोरतो.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. शाळेत बुद्धिबळ असो, कॅरम असो, साधी वही ठेवा. कोण कुणाशी खेळलं, काय निकाल लागला, एवढं लिहा. मुलांसमोर गुण मांडा, त्यांनाच हिशेब करू द्या. गणिताचा तासही होईल. चार जणांची निवड जाहीर करताना वही सगळ्यांना दाखवा. मग "मी का नाही?" असं विचारणाऱ्या मुलाला कारण दिसेल आणि पुढच्या महिन्यात तो आकडा बदलण्याची वाटही दिसेल.