रेस्टॉरंटच्या खुर्चीला तोंड लावणारा इंजिनिअर: सोफा-गालिचे साफ करण्याचा धंदा सुरू करणारे ह्युबर्ट बूथ

दिवाळी जवळ आली की मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. सोफा क्लीनिंगवाला मशीन घेऊन येतो. हॉलमध्ये वायर पसरते, घरघर सुरू होते आणि थोड्या वेळानं तो मशीनचं झाकण उघडून आतला काळा-करडा ऐवज घरच्यांना दाखवतो. एवढी घाण आपल्या सोफ्यात होती? घरातले सगळे एकमेकांकडे बघतात.

ही दाखवण्याची युक्ती नवी नाही. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये ती जन्माला आली. तिच्यामागचा माणूस सफाईच्या धंद्यातला नव्हताच. तो पूल, जहाजांची इंजिनं आणि जत्रेतले अजस्र पाळणे बांधणारा इंजिनिअर होता. त्याचं नाव ह्युबर्ट सेसिल बूथ.

आधी पाळणे, मग धूळ

बूथ यांचा जन्म 4 जुलै 1871 रोजी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात झाला. वडील लाकडाचे व्यापारी. शालेय शिक्षण तिथेच झालं आणि 1889 साली ते लंडनच्या सेंट्रल टेक्निकल कॉलेजात इंजिनिअरिंग शिकायला गेले. 1892 च्या अखेरीस 'मॉडस्ले, सन्स अँड फील्ड' या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांना नोकरी लागली. जहाजांची इंजिनं बनवणारी ही त्या काळातली नावाजलेली कंपनी होती.

तिथे त्यांनी युद्धनौकांच्या इंजिनांवर काम केलं. पण त्यांच्या वाट्याला आलेलं सगळ्यात गमतीदार काम वेगळंच होतं. 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी प्रचंड मोठं फिरतं चक्र उभं केलं आणि युरोपला त्याचं वेड लागलं. वॉल्टर बॅसेट यांच्या पुढाकारानं लंडन, ब्लॅकपूल, व्हिएन्ना आणि पॅरिसमध्ये अशी चक्रं उभी राहिली आणि त्यांच्या आराखड्यांवर काम करणाऱ्यांमध्ये तरुण बूथ होते. यातलं व्हिएन्नाचं 1897 चं चक्र आजही फिरतंय. सुमारे 65 मीटर उंचीच्या या पाळण्यात बसायला पर्यटक रांगा लावतात. त्याच्या आराखड्यावर राबलेल्या एका इंजिनिअरनं पुढे जगाला धूळ ओढायला शिकवलं, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

फुंकर की ओढ?

1901 साली लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये एका अमेरिकन यंत्राचं प्रात्यक्षिक होतं. बूथ ते बघायला गेले. यंत्र गालिच्यावर जोरात हवा मारायचं. धूळ उडेल आणि वरच्या पेटीत जाऊन पडेल, अशी कल्पना. प्रत्यक्षात थोडी धूळ पेटीत जायची आणि बाकीची खोलीभर उडून पुन्हा त्याच गालिच्यावर बसायची.

फुंकण्याऐवजी हवा ओढून का घेत नाही, असं बूथ यांनी त्या यंत्राच्या जनकाला विचारलं. तो चिडला. ते शक्यच नाही, बऱ्याच जणांनी करून पाहिलंय, असं सांगून तो निघून गेला.

बूथ यांच्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना. काही दिवसांनी लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका रेस्टॉरंटमध्ये ते बसले होते. खुर्च्यांना मऊ लव असलेलं मखमली कापड होतं. बूथ यांनी सरळ खुर्चीच्या पाठीला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. पुढच्या क्षणी ठसका लागून त्यांचा जीव घाबरला. या प्रसंगाचं दुसरं रूपही सांगितलं जातं. त्यात ते कापडावर रुमाल ठेवून त्यातून हवा ओढतात आणि रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटतो.

दोन्हींतून निघणारी गोष्ट एकच. धूळ ओढता येते, आणि ती अडवायला मधे गाळणी हवी.

बसल्या जागी खुर्चीला तोंड लावणारा माणूस बघून आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना काय वाटलं असेल याची कल्पनाच केलेली बरी. पण कागदावर गणित मांडण्याआधी स्वतःच्या फुप्फुसांनी केलेला हा प्रयोग त्या रागावलेल्या संशोधकानं केला नव्हता. फरक पडला तो तिथे.

कापडात धूळ अडकते कशी?

फरशीवरची धूळ केरसुणीनं निघते, कारण ती पृष्ठभागावर असते. मखमल, लोकर किंवा गालिच्याचं तसं नसतं. त्यांचे हजारो तंतू उभे असतात. माणूस बसला, चालला की बारीक धूळ दाबली जाऊन तंतूंच्या मुळाशी, विणीत आणि गादीच्या भरावात उतरते. वरून ब्रश मारला तर वरचा थर हलतो, खालचा तसाच राहतो.

त्या काळातल्या लंडनमध्ये ही धूळ साधी नव्हती. घराघरात कोळसा जळत होता आणि रस्त्यावर घोड्यांची लीद पडत होती. ते सगळं बुटांबरोबर घरात यायचं. श्रीमंत घरं जाड पडदे, गालिचे आणि मखमली खुर्च्यांनी गच्च भरलेली असायची. सफाईसाठी मोलकरणी ओलसर चहाची पत्ती गालिच्यावर पसरून झाडायच्या, म्हणजे धूळ कमी उडेल. गालिचा बाहेर काढून दोरीवर टाकून झोडपायचा, तोही वर्षातून मोजक्या वेळा. गादीची खुर्ची तर झोडपताही येत नाही. नाकातोंडात जाणारी सगळी धूळ अर्थातच झोडपणाऱ्याच्या वाट्याची.

बूथ यांच्या यंत्राचं तत्त्व सोपं होतं. पंप एका बंद टाकीतून हवा खेचतो. टाकीला लांब नळी जोडलेली, नळीच्या टोकाला अरुंद फटीचं तोंड. हवेला आत यायला तेवढीच वाट असल्यामुळे ती तंतूंमधून प्रचंड वेगानं घुसते आणि धूळ सोबत घेऊन येते. टाकीतल्या कापडी गाळणीत धूळ अडकते, स्वच्छ झालेली हवा पंपातून बाहेर पडते. गाळणी नसती तर धूळ पंपात गेली असती आणि यंत्र लवकरच बंद पडलं असतं. आजच्या व्हॅक्यूम क्लीनरमध्ये पंपाऐवजी पंखा आहे. बाकी तत्त्व तेच.

30 ऑगस्ट 1901 रोजी बूथ यांनी पेटंटसाठी अर्ज केला.

यंत्र रस्त्यावर, नळी खिडकीत

पहिलं यंत्र एवढं मोठं होतं की ते घरात नेण्याचा प्रश्नच नव्हता. पेट्रोलचं इंजिन, पंप आणि टाकी असा सगळा संसार घोडागाडीवर लादलेला. लोक त्याला 'पफिंग बिली' म्हणायचे. हे मूळचं एका जुन्या रेल्वे इंजिनाचं नाव. लाल रंगाची ही गाडी घरासमोर उभी राहायची, लांबलचक नळ्या खिडक्यांमधून आत जायच्या आणि युनिफॉर्ममधली माणसं खोल्याखोल्यांमधून गालिचे, पडदे, सोफे साफ करायची.

म्हणजे बूथ यांनी आधी यंत्र विकलं नाही, सेवा विकली. त्यासाठी स्थापन झालेली कंपनी म्हणजे ब्रिटिश व्हॅक्यूम क्लीनर कंपनी. सफाई हा तोवर घरच्या नोकरांचा प्रांत होता. आता बाहेरची, यंत्र चालवणारी माणसं ते काम पैसे घेऊन करू लागली.

विरोध झालाच. इंजिनाच्या आवाजानं रस्त्यावरचे घोडे बिचकायचे, त्यावरून कंपनी कोर्टात खेचली गेली. सार्वजनिक रस्त्यावर असं यंत्र उभं करता येणार नाही, असं पोलिसांचंही म्हणणं होतं. निकाल अखेर कंपनीच्या बाजूनं लागला.

दुसरीकडे उच्चभ्रू वर्गाला यात करमणूक सापडली. घरी सफाईचं यंत्र येणार म्हणून बायका मैत्रिणींना चहाला बोलवायच्या. कंपनीनं नळीचा काही भाग पारदर्शक ठेवला होता. आपल्याच सोफ्यातली धूळ नळीतून धावताना पाहुण्यांना दिसायची. दिवाळीतल्या त्या झाकण उघडून दाखवण्याचं मूळ इथे आहे.

राजाचा गालिचा

कंपनीला खरी प्रतिष्ठा मिळाली 1902 मध्ये. सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये होणार होता. तयारी झाली, गालिचे अंथरले गेले आणि मग लक्षात आलं की सिंहासनांखालचा निळा गालिचा मळलाय. आता तो काढून झोडपायला वेळ नव्हता. बूथ यांची माणसं यंत्र घेऊन आली आणि गालिचा जागेवरच साफ झाला.

ही बातमी राजवाड्यापर्यंत गेली. राजा-राणीसमोर प्रात्यक्षिक झालं आणि बकिंगहॅम पॅलेस व विंडसर कॅसल या दोन्ही ठिकाणांसाठी यंत्रं घेतली गेली. राजघराण्यानं पसंती दिल्यावर थिएटर, हॉटेलं आणि मोठी दुकानं मागे राहणार थोडीच?

हे सगळं सुरू असताना बूथ यांचा मूळ धंदाही चालू होता. स्कॉटलंडमधल्या लॉख एटिव्हवरचा कॉनेल फेरी पूल उभारण्याच्या कामावर त्यांची देखरेख होती. तो पूल 1903 मध्ये खुला झाला.

क्रिस्टल पॅलेसची 26 टन धूळ

पहिल्या महायुद्धात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नौदलाच्या भरतीतले जवान राहत होते. त्यांच्यात मेंदूज्वराची साथ पसरली. डॉक्टरांना इमारतीतल्या धुळीचा संशय आला आणि बूथ यांच्या कंपनीला बोलावणं गेलं. 15 यंत्रं लावून जमिनी, भिंती, जिने आणि तुळया साफ करण्यात आल्या. तिथून 26 टन धूळ निघाली आणि साथ ओसरली, असं या कामाबद्दल सांगितलं जातं.

इथे थोडं थांबायला हवं. हा आजार मुख्यतः शिंका-खोकल्यातून आणि जवळच्या सहवासातून पसरतो, हे आज माहीत आहे. त्यामुळे साथ धूळ काढल्यानंच थांबली असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण स्वच्छतेचा संबंध दिखाव्याशी नसून आरोग्याशी आहे, ही गोष्ट या कामामुळे बऱ्याच जणांच्या गळी उतरली.

नाव गेलं, मग बाजारही

यश आलं तसे नकलाकारही आले. पेटंट वाचवण्यासाठी बूथ यांच्या कंपनीला वारंवार कोर्टाची पायरी चढावी लागली. 'व्हॅक्यूम क्लीनर' हे नाव तरी आपलंच राहावं म्हणून तिनं एका प्रतिस्पर्धी कंपनीवर दावा लावला. 1907 मध्ये निकाल विरोधात गेला. हे शब्द वस्तूचं काम सांगणारे साधे शब्द आहेत, त्यांवर कुणा एकाची मालकी असू शकत नाही, असं न्यायालयानं ठरवलं.

पण मोठा फटका अमेरिकेतून बसला. ओहायो राज्यातल्या कँटन शहरात जेम्स मरे स्पँगलर नावाचे दम्याचे रुग्ण एका दुकानात सफाई कामगार होते. झाडूच्या धुळीनं त्यांचा दमा उसळायचा. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून त्यांनी एका माणसाला ढकलता येईल असं विजेवरचं यंत्र बनवलं. 1908 मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि ते हक्क विल्यम हूवर यांनी विकत घेतले.

बूथ यांच्या कंपनीनंही घरात चालवता येईल असं यंत्र काढलं होतं. 1906 च्या सुमारास आलेल्या 'ट्रॉली-व्हॅक'ची किंमत मात्र 35 गिनी होती. तेवढ्यात वर्षभर मोलकरीण ठेवता आली असती. बूथ यांचं गणित मोठ्या इमारती आणि भाड्याची सेवा असंच राहिलं, आणि प्रत्येक घरात एक यंत्र हा बाजार दुसऱ्यांनी नेला. पुढे कंपनीनं 'गॉब्लिन' नावानं छोटी यंत्रं विकली, तीही बरी चालली. पण तोवर ब्रिटनमध्ये क्रियापदच बदललं होतं.

उतारवयात, 1930 च्या दशकात, बूथ यांनी लंडनच्या न्यूकमन सोसायटीसमोर निबंध वाचून या यंत्राच्या जन्माची हकिगत स्वतः नोंदवून ठेवली. म्युझिक हॉल, रागावलेला संशोधक आणि खुर्चीचा ठसका हे सगळे तपशील आज माहीत आहेत ते त्यामुळेच.

14 जानेवारी 1955 रोजी क्रॉयडनमध्ये वयाच्या 83 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांचं एक जुनं यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. ब्रिटनमधली माणसं मात्र आजही घर 'हूवर' करतात, 'बूथ' करत नाहीत.