यशवंतरावांचा संरक्षण-हिशेब

कोलकात्याच्या फोर्ट विल्यममधील (आजच्या विजय दुर्गातील) ईस्टर्न कमांडचे मुख्यालय १९६३ पर्यंत लखनौला होते. चीनकडून झालेल्या पराभवानंतर ते पूर्व सीमेजवळ आणले गेले, तेव्हा संरक्षण खाते यशवंतराव चव्हाणांकडे होते.

१९१३ साली देवराष्ट्रे येथे गरीब कुटुंबात जन्मलेले यशवंतराव १९४२ च्या लढ्यात भूमिगत होते. १९६० मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. कृष्ण मेनन यांच्या राजीनाम्यानंतर नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावले. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी सूत्रे स्वीकारली, तेव्हा नेफातून परतलेल्या जवानांच्या हाती जुन्या ३०३ रायफली होत्या आणि अंगावर पुरेसे गरम कपडेही नव्हते. विकासासाठी वाचवलेल्या पैशाची ती किंमत होती.

१९६१-६२ मध्ये सुमारे तीनशे कोटींचा असलेला संरक्षणखर्च १९६३-६४ मध्ये आठशे कोटींवर गेला. त्यासाठी मोरारजी देसाईंना सक्तीच्या ठेवींसारखे अप्रिय उपाय योजावे लागले. मात्र यशवंतरावांचे खरे कर्तृत्व नुसती रक्कम वाढवण्यात नव्हते. १९६४ मध्ये त्यांनी पाच हजार कोटींची पंचवार्षिक संरक्षण योजना मांडली: सव्वाआठ लाखांचे सैन्य, हवाई दलाच्या ४५ तुकड्या, सीमेवरील रस्ते आणि देशी उत्पादन. कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्यात बनणारी ७.६२ मिलिमीटरची रायफल जुन्या बंदुकांची जागा घेऊ लागली.

या गुंतवणुकीचे फळ १९७१ मध्ये दिसले. त्या वेळी अर्थमंत्री असलेल्या यशवंतरावांवरच सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार पेलण्यासाठी जादा कर लादण्याची वेळ आली. फोर्ट विल्यममधून चाललेल्या मोहिमेत, १९६२ नंतर उभारलेल्या पर्वतीय डिव्हिजनही लढल्या आणि १६ डिसेंबरला ढाका पडले.

यशवंतराव १९८४ मध्ये निवर्तले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटींची तरतूद होती. ही रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहूनही कमी भरते आणि त्यातील १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत. हा वाटा वाढायला हवा; पण वाढीव पैसा वेतन-निवृत्तिवेतनात न विरता शस्त्रे, कारखाने व रस्ते यांच्या दीर्घ मुदतीच्या योजनेला बांधलेला असला पाहिजे. पराभवानंतर घाईने करावा लागणारा खर्च शांततेच्या काळातच नियोजनपूर्वक करणे, हाच यशवंतरावांच्या कारकिर्दीचा धडा आहे.