दोन मतांचा मतदार : संसद सदस्य बाबासाहेब आणि भंडाऱ्याची पोटनिवडणूक

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भारताची राज्यघटना घडविली, हे आपल्या घरातील शाळेत जाणारे पोरही सांगते. नागपुरास त्यांनी लाखोंना धम्म दिला, हेही सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९२७ पासून १९५६ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, बाबासाहेब कोणत्या ना कोणत्या कायदेमंडळाचे सभासद होते, ही गोष्ट आपल्या वस्त्यांमध्ये फारशी बोलली जात नाही. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना तर ती मुद्दाम सांगितली पाहिजे. लोकप्रतिनिधीचा हिशेब मांडायचा म्हणजे तो सभागृहात काय बोलला आणि मताचा प्रश्न आला तेव्हा कसा वागला, हे दोन्ही पाहावे लागते. बाबासाहेबांच्या बाबतीत हा हिशेब करताना आपला भंडारा जिल्हा मध्येच येऊन उभा राहतो, म्हणून आम्हा इकडच्या लोकांना तो अधिक जवळचा आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार. एल्फिन्स्टन कॉलेज, कोलंबिया विद्यापीठ, लंडन, बॅरिस्टरी, हा सारा भाग आपल्या वाचकांना पाठ आहे, तो येथे विस्ताराने सांगत नाही. १९२७ साली मुंबई सरकारने त्यांना कायदे कौन्सिलवर नेमले. सरकारने नेमलेला सभासद सरकारच्या बाजूने बोलतो, असा तेव्हाचा रिवाज होता. बाबासाहेबांनी पहिल्याच अंदाजपत्रकावर बोलताना सरकारच्या करपद्धतीवर टीका केली. जमीनमहसुलाचा बोजा गरीब शेतकऱ्यावर कसा पडतो, ते त्यांनी सभागृहाला समजावून सांगितले. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाचे बिल आणले. थोड्याशा इनाम जमिनीसाठी आणि बलुत्यासाठी रात्रंदिवस राबणाऱ्या माणसाला त्या बेडीतून सोडवावे, हा त्यामागचा हेतू होता. बिल समितीकडे गेले, तेथे त्याचे रूप बदलू लागले, तेव्हा १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते स्वतःच मागे घेतले. नावापुरता कायदा पदरात पाडून घेऊन टाळ्या मिळविणे त्यांना जमले असते, पण त्यांनी ते केले नाही. त्याच काळात गिरणीतल्या बाळंतिणींना पगारी रजा मिळावी, या बिलालाही त्यांनी पाठिंबा दिला होता.

१९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष घेऊन ते मुंबई विधानसभेत निवडून आले आणि त्याच वर्षी त्यांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. पुढच्या वर्षी काँग्रेस सरकारने संपावर बंधने आणणारे औद्योगिक कलहाचे बिल आणले. बाबासाहेबांनी सभागृहात त्याला विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांच्या संपात ते रस्त्यावरही उतरले. बिल बहुमताने मंजूर झाले. बाबासाहेबांच्या सभागृहातील कारकिर्दीत अशा हरलेल्या मतदानांची संख्या मोठी आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

स्वातंत्र्यानंतर ते कायदेमंत्री झाले. त्या पदावर असताना त्यांनी हिंदू कोड बिल हाती घेतले. मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा, स्त्रीला घटस्फोटाचा हक्क, एकपत्नीत्व, या गोष्टी त्यात होत्या. बिल वर्षानुवर्षे रेंगाळले. १९५१ च्या सप्टेंबरात थोडी कलमे चर्चेला आली आणि मग सगळेच बाजूला ठेवले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याचे निवेदन सभागृहात करण्यासाठी ते उभे राहिले, तेव्हा त्याची प्रत आधी द्यावी असा आग्रह अध्यक्षस्थानावरून धरण्यात आला. बाबासाहेब कागद घेऊन बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. पुढे १९५५ आणि १९५६ या दोन वर्षांत त्याच बिलाचे चार तुकडे करून चार कायदे मंजूर झाले. तेव्हा बाबासाहेब मंत्री नव्हते, राज्यसभेच्या बाकावर होते.

आता निवडणुकीकडे येऊ. त्या काळी काही मतदारसंघ दुहेरी असत. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब मुंबईच्या अशा दुहेरी मतदारसंघातून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे होते. जोडीला समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा चौदा हजारांवर मतांनी पराभव केला. ज्यांनी घटना लिहिली त्यांनाच त्या घटनेखालच्या पहिल्या निवडणुकीत लोकसभेत जाता आले नाही. या निवडणुकीत चौऱ्याहत्तर हजारांवर मते वाया गेली. कॉम्रेड डांगे यांच्या पक्षाने मत कुजविण्याचा प्रचार केला, असा आरोप करून बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. तो फेटाळला गेला. त्यानंतर मुंबई राज्याच्या विधानसभेने बाबासाहेबांना राज्यसभेवर पाठविले.

भंडाऱ्याची पोटनिवडणूक का झाली, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते आणि धर्मांतर केलेल्या माणसाने तर ते जाणलेच पाहिजे. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रदेश राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. १९५२ मध्ये भंडाऱ्याच्या दुहेरी मतदारसंघातून चतुर्भुज जसाणी सर्वसाधारण जागेवर निवडून आले. ते मुलजी सिक्का या बिडी कंपनीचे भागीदार होते. लष्कराच्या कँटीनला बिड्या पुरविण्याचा त्या कंपनीचा सरकारशी करार होता. ज्यांच्या घरात बिड्या वळल्या जातात त्यांना या कंपनीचे नाव निराळे सांगायला नको. त्याच निवडणुकीत राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता. ठवरे जन्माने महार, पण त्यांनी महानुभाव पंथाची दीक्षा घेतलेली होती. पंथात गेल्यावर हा माणूस महार राहिला नाही, असे ठरवून निवडणूक अधिकाऱ्याने त्यांचा अर्ज नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ९ फेब्रुवारी १९५४ रोजी निकाल लागला. सरकारशी करार असल्यामुळे जसाणी अपात्र ठरले. ठवऱ्यांविषयी न्यायालयाने असे धरले की, माणूस पंथ बदलतो तेव्हा जुनी जात त्याला आपला मानते काय, तो स्वतः काय मानतो आणि नव्या पंथाचे नियम काय म्हणतात, हे तिन्ही पाहावे लागते. त्या कसोटीवर ठवरे महारच राहिले होते. म्हणून त्यांचा अर्ज चुकीने नाकारला गेला आणि सबंध निवडणूक रद्द झाली. दोन्ही जागा मोकळ्या झाल्या.

या मोकळ्या झालेल्या जागांपैकी राखीव जागेसाठी बाबासाहेब भंडाऱ्यात उभे राहिले. सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर होते. बाबासाहेबांची प्रकृती तेव्हा ठीक नव्हती. मधुमेह होता, पाय दुखत, आधाराशिवाय चालणे जड जाई. एप्रिलचे वैदर्भीय ऊन. तशा स्थितीत त्यांनी जिल्ह्यात सभा घेतल्या आणि सरकारच्या कारभारावर व परराष्ट्र धोरणावर टीका केली. फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराच्या चिन्हाची वेगळी पेटी असे आणि मतदाराने आपल्या दोन मतपत्रिका दोन पेट्यांत टाकायच्या असत. ज्याला अक्षर येत नाही त्याला चित्र ओळखता येई.

येथे कार्यकर्त्यांनी एक हिशेब मांडला. आपल्या माणसांनी एक मत हत्तीच्या पेटीत टाकावे आणि दुसरे मत कोणालाही देऊ नये, ते कुजवावे. हा हिशेब अडाण्याचा नव्हता. मी आठवी-नववीच्या वर्गात नागरिकशास्त्र शिकवितो. मुले विचारतात की, दुसरे मत फुकट घालवून पहिल्या मताचा काय फायदा? तेव्हा फळ्यावर आकडे मांडून दाखवावे लागतात. नियम असा होता की, राखीव जागा आधी भरायची. अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वांत जास्त मते, तो तेथे निवडून आला. त्यानंतर उरलेल्या सर्व उमेदवारांत, मग तो कोणत्याही जातीचा असो, ज्याला सर्वांत जास्त मते तो दुसऱ्या जागेवर निवडून आला. म्हणजे राखीव जागेवर मागे पडलेला आपला उमेदवार सर्वसाधारण जागेवरही निवडून येऊ शकत होता, फक्त सवर्ण उमेदवारांची मते कमी राहिली पाहिजेत. हे कागदावरचे गणित नव्हे. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात अनुसूचित जमातीचे दोघेही उमेदवार याच नियमाने निवडून आले आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पडले. सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

बाबासाहेबांना हे गणित समजत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांनी कार्यकर्त्यांना नकार दिला. दोन्ही मते द्यायची, एकही मत कुजवायचे नाही, अशी त्यांची ताकीद होती. ज्याने घटना लिहून प्रत्येक प्रौढ माणसाच्या हाती मत दिले, त्यानेच मत फेकून द्यायला सांगावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यापेक्षा आपण पडलो तरी चालेल, असे त्यांनी सांगितले. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. दोनच वर्षांपूर्वी मुंबईत मते कुजविली म्हणून ज्यांनी दाद मागितली होती, तेच बाबासाहेब भंडाऱ्यात फायद्याच्या बाजूला होते. दुसऱ्याच्या हाती असलेले शस्त्र आपल्या हाती आल्यावर ते चांगले वाटू लागते, असा राजकारणातला नेहमीचा अनुभव आहे. येथे तसे घडले नाही.

मे १९५४ मध्ये निकाल लागला. राखीव जागेवर भाऊराव बोरकर निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांवर मतांनी मागे राहिले. सर्वसाधारण जागा अशोक मेहतांनी जिंकली. बाबासाहेबांना एक लाखाहून अधिक मते पडली होती. ज्यांनी त्यांना मत दिले त्यांच्यातल्या अनेकांचे दुसरे मत मेहतांच्या पेटीत गेले, असे जुने कार्यकर्ते सांगत आले. दुसरे मत कुजविले असते तर बाबासाहेब लोकसभेत गेले असते काय, यावर आमच्याकडे अजून वाद होतात. एवढे खरे की लोकसभेत निवडून जाण्याचा योग त्यांना पुन्हा आला नाही. दुहेरी मतदारसंघच १९६१ च्या कायद्याने बंद झाले.

पराभवानंतर ते राज्यसभेत परतले आणि पूर्वीसारखेच बोलू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परराष्ट्र धोरणावरील चर्चेत त्यांनी चीनबरोबरच्या पंचशील कराराविषयी शंका घेतली. बुद्धाचे पंचशील मानणारे राज्य आपल्याच देशातल्या बौद्धांना असे वागविते काय, असा त्यांचा रोख होता. सप्टेंबरमध्ये अस्पृश्यता गुन्हा बिल चर्चेला आले. त्यांनी त्याच्या नावापासून आक्षेप घेतला. अस्पृश्यतेच्या नावाने कायदा करण्याऐवजी तो नागरी हक्कांच्या संरक्षणाचा कायदा म्हणावा, असे त्यांचे मत होते. गुन्हा आपसात मिटविण्याची सोय ठेवली, यालाही त्यांनी हरकत घेतली. गावात आपसात मिटविणे म्हणजे काय असते, ते आपणांस सांगावयास नको. बिल तसेच मंजूर होऊन १९५५ चा कायदा झाला. १९७६ मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली, नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे ठेवले आणि तडजोडीची सोय काढून टाकली. बावीस वर्षांनी संसद त्यांच्या भाषणापाशी आली.

त्यांच्या एका विधानाचा विरोधक नेहमी उपयोग करतात, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. आंध्र राज्याच्या बिलावर सप्टेंबर १९५३ मध्ये बोलताना, अल्पसंख्य समाजांना संरक्षण मिळत नसेल तर ही घटना जाळणारा पहिला माणूस मी असेन, अशा अर्थाचे ते बोलून गेले. आपल्याला सांगितले ते आपण इच्छेविरुद्धही लिहिले, असेही म्हणाले. मार्च १९५५ मध्ये एका सभासदाने त्याची आठवण काढली, तेव्हा त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत, कारण सांगितले. मंदिर देवासाठी बांधावे आणि त्यात राक्षस येऊन बसावेत, तशी स्थिती झाली असल्याचे त्यांनी सभागृहाला सांगितले. कोणी भक्तीने हे विधान लपवितात, कोणी द्वेषाने अर्धेच सांगतात. मला वाटते ते पूर्ण वाचावे.

एप्रिल १९५६ पासून त्यांची राज्यसभेची दुसरी मुदत सुरू झाली. १४ ऑक्टोबरला ते बौद्ध झाले. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असावा लागे, शीख धर्मीयांना १९५६ मध्ये त्यात घेण्यात आले. म्हणजे ज्या राखीव जागेसाठी बाबासाहेब भंडाऱ्यात लढले होते, तिचा दरवाजा दीक्षेच्या दिवशी त्यांना आणि त्यांच्यामागे आलेल्या सर्वांना बंद झाला. हे त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणणे कायद्याच्या पंडिताविषयी शोभत नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे परिनिर्वाण झाले, तेव्हा ते राज्यसभेचे सभासद होते.

ठवऱ्यांचा निकाल आपल्याला लागू होईल, अशी आशा पुढे अनेकांनी धरली. पण महानुभाव पंथ हिंदूंतच मोजला गेला होता, बौद्ध धम्माची गोष्ट निराळी ठरली. नागपूरचे डॉ. डी. पी. मेश्राम राखीव जागेवरून विधानसभेत निवडून आले होते. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ठरविले आणि त्यांची निवड रद्द झाली. दीक्षा घ्यावी तर दाखला जातो, दाखला राखावा तर कागदावर हिंदू लिहावे लागते, अशा पेचात एक सबंध पिढी गेली. शाळेच्या जुन्या दाखलखारिज रजिस्टरात एकाच घरच्या दोन भावांपुढे दोन वेगळ्या नोंदी दिसतात, त्या याच काळातल्या. संसदेने १९९० मध्ये आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश केला. त्याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. त्यांना जाऊन तेव्हा तेहतीस वर्षे उलटून गेली होती.