तिकिटाचे पैसे

परदेशातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, फीमाफीचं पत्रही आलं आणि सगळं घोडं तिकिटापाशी अडलं, अशी मुलं मी बँकेत असताना टेबलासमोर बसलेली पाहिली आहेत. शेजारी वडील, त्यांच्या मांडीवर कागदांची पिशवी. तारण द्यायला काही नसे. अशा वेळी मला हटकून टॉम एम्बोया आठवत.

केनियाच्या या पुढाऱ्याचा जन्म १५ ऑगस्ट १९३० चा. वडील गोऱ्या मालकाच्या घायपाताच्या मळ्यावर कामाला. मिशनच्या शाळांत मुलगा हुशार निघाला, पण पैशांअभावी शिक्षण अर्धवट सुटलं आणि तो नैरोबीच्या नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर झाला. एकदा तपासणीसाठी दूध घेऊन एक गोरी बाई आली आणि समोर बसलेल्या एम्बोयांनाच विचारू लागली, की इथे कुणी नाही का? काळा माणूस तिच्या हिशेबी 'कुणी' नव्हताच.

पुढे ते कामगार चळवळीत शिरले. तेविसाव्या वर्षी कामगार महासंघाचे सरचिटणीस झाले. शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात वर्षभर राहून आले, १९५७ मध्ये कायदेमंडळात निवडून गेले. स्वातंत्र्य येणार हे दिसत होतं. पण गोरा अधिकारी उठून गेला की त्या खुर्चीत बसायला शिकलेला माणूस कुठे होता?

१९५९ च्या वसंतात एम्बोया अमेरिकाभर फिरले. सुमारे पाच आठवड्यांत शंभरएक भाषणं! वॉशिंग्टनला शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध निघालेल्या तरुणांच्या मोर्चापुढेही ते बोलले. कॉलेजांनी शिष्यवृत्त्या देऊ केल्या. राहिलं विमानभाडं. सुटी तिकिटं परवडणारी नव्हती, म्हणून आख्खं विमानच भाड्यानं घ्यायचं ठरलं. हिशेब सरळ होता, पण तो सुचायला गरज कळावी लागते. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन, गायक हॅरी बेलाफाँटे आणि नट सिडनी पॉइटिये यांच्या सह्यांचं आवाहन निघालं. सुमारे आठ हजार अमेरिकनांनी पैसे पाठवले. इकडे केनियात घरच्यांनी गुरं विकली, शेजाऱ्यांनी चहापानाचे कार्यक्रम करून वर्गणी जमवली. सप्टेंबरात ८१ विद्यार्थी न्यूयॉर्कला उतरले. (बराक ओबामांचे वडील याच विमानात होते असं सर्रास सांगतात. ते त्याच वर्षी गेले, पण वेगळे.)

ब्रिटिश अधिकाऱ्यांना ही उठाठेव पसंत नव्हती. अमेरिकी कॉलेजांचा दर्जा काय, असा त्यांचा सूर. पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारनंही आधी नकार दिला. तेव्हा एम्बोया अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी यांना जाऊन भेटले आणि त्यांच्या कुटुंबाच्या न्यासानं एक लाख डॉलर्स दिले. निवडणूक तोंडावर आली की तिजोऱ्या उघडतात, हे काही आपल्याकडचंच वैशिष्ट्य नाही! १९६३ पर्यंत पूर्व आफ्रिकेतले आठशेच्या आसपास विद्यार्थी अमेरिकेला गेले.

स्वतः एम्बोयांना पदवी कधीच घेता आली नाही. केनिया स्वतंत्र झाल्यावर ते मंत्री झाले. ५ जुलै १९६९ च्या शनिवारी नैरोबीत, ओळखीच्या एका भारतीय कुटुंबाच्या औषध दुकानातून बाहेर पडताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वय अवघं अडतीस.

१९६० मध्ये कॅन्सासच्या कॉलेजात गेलेली वांगारी मथाई तोवर शिकून मायदेशी परतली होती आणि नैरोबीच्या विद्यापीठात काम करत होती. झाडं लावण्याच्या चळवळीसाठी तिला नोबेल मिळालं ते २००४ मध्ये.