समजून घ्या : मोबाइलच्या ‘हर्ट्झ’मागचा माणूस, ज्याला लहरींवरून फोन अशक्य वाटला होता!

धाराशिव : नवरात्रात तुळजापुरात गर्दी वाढली, की मोबाइलवर रेंज फुल्ल दिसूनही फोन न लागण्याची वेळ येऊ शकते. याचे उत्तर ज्या मेगाहर्ट्झमध्ये दडले आहे, त्यातला ‘हर्ट्झ’ म्हणजे एका शास्त्रज्ञाचे आडनाव. कोण होते हाइनरिश हर्ट्झ?

इंजिनीअरिंग सोडले, लहर पकडली
हर्ट्झ यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1857 रोजी हॅम्बर्गमध्ये झाला. आधी इंजिनीअरिंगला गेलेले हर्ट्झ नंतर भौतिकशास्त्राकडे वळले आणि 1885 मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे प्राध्यापक झाले. विद्युतचुंबकीय लहरी असतात, हे मॅक्सवेल यांनी 1860 च्या दशकात गणिताने मांडले होते. पण त्या कुणी सिद्ध करून दाखवल्या नव्हत्या. हर्ट्झ यांनी 1886 ते 1888 दरम्यान ते केले. एकीकडे ठिणगी पाडली, की काही मीटरवरच्या तारेच्या कड्यातील बारीक फटीतही ठिणगी उडायची. दोन्हींना जोडणारी तार मात्र नव्हती!

मग नकार का?
या लहरींवरून टेलिफोन चालेल का, असे 1889 मध्ये एका अभियंत्याने विचारले. हर्ट्झ यांनी नकार कळवला. हिशेब सरळ होता. आवाजाची कंपने संथ असतात. सेकंदाला 1000 कंपने असलेली लहर 300 किलोमीटर लांब होते, म्हणजे धाराशिव-पुणे अंतराहून मोठी. तिच्यासाठी खंडाएवढा आरसा लागला असता.

तोडगा पुढे निघाला, तो म्हणजे मॉड्युलेशन. आवाज थेट पाठवायचा नाही. वेगवान लहरीत त्यानुसार बदल करायचे. 900 मेगाहर्ट्झची लहर जेमतेम 33 सेंटिमीटरची असते, म्हणून अँटेना फोनमध्ये मावतो.

हे पाहायला हर्ट्झ उरले नाहीत. आजारपणामुळे 1 जानेवारी 1894 रोजी बॉन येथे अवघ्या 36 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

गर्दीत फोन का लागत नाही?
हर्ट्झ यांची ठिणगी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर पसरायची. मोबाइलला ही चैन परवडत नाही. इथे सगळे वाटणीवर चालते.

• 2जी : 200 किलोहर्ट्झच्या एका पट्ट्यावर 8 फोन आळीपाळीने, सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ बोलतात.
• 4जी : पट्टा 15 किलोहर्ट्झ अंतरावरच्या बारीक लहरींत विभागतात. कुणाला किती लहरी द्यायच्या, हे टॉवर दर मिलिसेकंदाला ठरवतो. सिग्नल स्वच्छ असेल तर एका लहरीवर एका खेपेत 6 ते 8 बिट जातात, क्षीण असेल तर 2.

रेंजच्या कांड्या सिग्नलची ताकद दाखवतात, शिल्लक जागा नाही. वाटेकरी वाढले, की ताकद असूनही जागा संपते. अशा वेळी एसएमएस करून पाहा. त्याला कॉलपेक्षा खूप कमी जागा लागते.