विरोधकाचे म्हणणे पूर्ण छापणारे बाबासाहेब

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर लोटतो. येणारा माणूस परतताना पिशवीत एखादे तरी पुस्तक घेऊन जातो. हीच आपल्या समाजाची खरी ओळख आहे. परंतु त्याच माणसाच्या खिशातल्या मोबाइलवर दिवसभर जे येऊन आदळते त्याचे काय? बाबासाहेबांनी कधी न लिहिलेली वाक्ये त्यांच्या नावावर खपवली जातात. भाषणांचे अर्धवट तुकडे कापून फिरवले जातात. रात्री वाहिन्यांवर चर्चेच्या नावाखाली आरडाओरड चालते. अशा वेळी वाद कसा घालावा आणि बातमी कशी वाचावी, हा प्रश्न आंबेडकरी समाजासाठी जीवनमरणाचा आहे. कारण ज्याच्या हाती माध्यमे नाहीत, त्याला फसवणे सर्वांत सोपे असते. या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हाला दूर जावे लागत नाही. घटनाकार म्हणून आपण बाबासाहेबांना वंदन करतो. संपादक आणि वादपटू बाबासाहेब मात्र अजूनही पुरेसे वाचले जात नाहीत. आज त्या अंगाने त्यांचे जीवन पाहू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला सुभेदार रामजींचा हा मुलगा १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. तेथे मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्या वेळी ते २५ वर्षांचे होते. या निबंधाची रीत पाहण्यासारखी आहे. सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, या चौघांच्या व्याख्या त्यांनी आधी वाचकांपुढे ठेवल्या. प्रत्येकात काय घेण्यासारखे आहे ते सांगितले, काय उणे आहे ते दाखवले आणि मगच स्वतःचा सिद्धान्त मांडला. समोरच्याचे म्हणणे नीट समजून घेतल्याशिवाय खोडायचे नाही, ही शिस्त त्यांनी पुढे आयुष्यभर सोडली नाही.

मायदेशी परतल्यावर त्यांना दिसले की, अस्पृश्यांचे दुःख मांडायला वर्तमानपत्रच नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपयांची मदत केली. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव असले, तरी पहिल्या अंकाचा अग्रलेख बाबासाहेबांचा होता. या अग्रलेखात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वर्तमानपत्रांचा हिशेब मांडला: बरीच पत्रे एखाद्या जातीचे हितसंबंध सांभाळतात आणि इतरांच्या हिताची पर्वा करीत नाहीत. पुण्याच्या 'केसरी'ने तर पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला. पत्र कोण चालवतो, कोणासाठी चालवतो आणि त्यात कोण गैरहजर आहे, हे विचारल्याशिवाय बातमीचा अर्थ लागत नाही. माध्यमांची चिकित्सा हा आज विद्यापीठांत विषय आहे. बाबासाहेबांनी तो धडा शंभर वर्षांपूर्वी गिरणी कामगारांना आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला दिला.

त्यानंतर चारच महिन्यांनी, ३० मे ते १ जून १९२० या काळात, नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. कायदेमंडळातील अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडायचे, हा तेथला कळीचा मुद्दा होता. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे म्हणणे होते की, ते कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत. शिंदे यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले होते. तरीही बाबासाहेबांनी या भूमिकेला जाहीर विरोध केला, कारण प्रश्न शिंदे या व्यक्तीचा नव्हता. आपला माणूस आपण निवडायचा की दुसऱ्याने निवडून द्यायचा, हा प्रश्न होता. उपकारकर्त्याशीही मतभेद व्यक्त करता येतात, हे नागपूरने त्या दिवशी पाहिले.

नागपूरला स्वतःचीही परंपरा होती. मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी 'मूकनायक'च्याही आधी, १९१० साली 'निराश्रित हिंद नागरिक' आणि १९१३ साली 'विटाळ विध्वंसक' ही पत्रे नागपुरातून काढली. पुढे १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा बनसोडे यांना ती पटली नाही. ते संतपरंपरेच्या वाटेनेच चालत राहिले. तरी दलित पत्रकारितेचा इतिहास लिहिताना बनसोडे यांना ओलांडून कोणालाही पुढे जाता येत नाही. मतभेद झाला म्हणून माणसाचे काम पुसून टाकायचे नसते.

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. पैसा नव्हता, माणसे नव्हती. अंकाचे बहुतेक रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत. पुण्याच्या 'केसरी' आणि 'भाला'सारख्या पत्रांत येणाऱ्या टीकेला ते मुद्देसूद उत्तर देत. त्यांची लेखणी मवाळ होती असे मात्र कोणी समजू नये. तिला धार होती, उपरोध होता, संताप होता. आदराने वाद घालणे म्हणजे मिळमिळीत बोलणे, असा जो समज आज पसरवला जातो, तो बाबासाहेबांच्या एकाही अंकाला लागू पडत नाही. ज्याला पाणी नाकारले जाते त्याने गोड बोलावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. बाबासाहेबांचा आदर सुरावर अवलंबून नव्हता. समोरच्याचे म्हणणे न वाकवता मांडायचे आणि घाव युक्तिवादावर घालायचा, यात तो दिसतो.

८ ऑगस्ट १९३० रोजी ते पुन्हा नागपुरात होते, अखिल भारतीय दलित काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून. देशभर मिठाचा सत्याग्रह पेटलेला होता. एकतर काँग्रेसबरोबर नाहीतर इंग्रजांबरोबर, अशी सोपी विभागणी वर्तमानपत्रांनी करून टाकली होती. बाबासाहेबांनी दोन्ही नाकारल्या. सत्याग्रहाच्या वेळेवर त्यांनी टीका केली आणि इंग्रजी राज्याने अस्पृश्यांसाठी काय केले, याचाही जाब विचारला. आज पडद्यावर चौकोनात बसवलेली माणसे दोनच बाजूंत वाटली जातात. तिसरी बाजू असू शकते आणि तीच आपली असू शकते, हे या भाषणाने दाखवून दिले.

या साऱ्याचा कळस आम्हाला १९३६ मध्ये दिसतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षपदाचे निमंत्रण दिले. भाषणाचा मसुदा वाचून मंडळी घाबरली आणि काही भाग वगळण्याची मागणी झाली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही त्याला जोडला, म्हणजे वाचकाला दोन्ही बाजू दिसाव्यात. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख त्याच पुस्तकात छापले आणि त्यामागे आपले उत्तर दिले. ते उत्तर अतिशय कठोर आहे. पण वाचकाला गांधीजी काय म्हणाले हे बाबासाहेबांच्या तोंडून ऐकावे लागत नाही. ते गांधीजींच्या शब्दांत वाचता येते. आपल्या पुस्तकात, आपल्या पैशाने, आपल्या सर्वांत बलाढ्य टीकाकाराला पाने देणारा लेखक या देशात किती वेळा झाला? ज्यांच्या हाती मोठमोठी दैनिके होती, त्यांनी बाबासाहेबांना असे किती रकाने दिले?

१९४० च्या अखेरीस पाकिस्तानच्या प्रश्नावरचे त्यांचे पुस्तक आले. त्यातही पाकिस्तानच्या बाजूचा मुस्लिमांचा युक्तिवाद आणि विरोधातला हिंदूंचा युक्तिवाद स्वतंत्र भागांत मांडलेला आहे. हाच ग्रंथ आज जो तो आपापल्या सोयीने कापून वापरतो. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. पुढच्या वर्षी, १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बोलताना त्यांनी भारतीय पत्रकारितेची झाडाझडती घेतली. एकेकाळी हा पेशा होता, आता तो साबण तयार करण्यासारखा धंदा झाला आहे, वाचकाला जबाबदार सल्ला देणे हे पत्रकार आपले काम मानत नाहीत आणि विभूतिपूजा माजवतात, असा त्या टीकेचा आशय होता. हे बोलणाऱ्याने स्वतः तोवर चार पत्रे सुरू केली होती. म्हणून ती टीका पत्रकारितेच्या द्वेषातून आलेली नव्हती.

स्वतंत्र भारतात सत्ता हाती आल्यावर ते बदलले का? संविधान सभेत मसुद्यावर सुमारे ७६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. त्यांतील २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांना उत्तरे द्यायची होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी पक्षशिस्त झुगारून प्रश्न विचारणाऱ्या सभासदांचे नावे घेऊन आभार मानले. हरी विष्णू कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, आर. के. सिधवा, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू ही त्यांतली काही नावे. यांतले पहिले तिघे मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी होते आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. त्यांच्या सूचना मान्य झाल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, उलट त्यांच्यामुळेच संविधानामागची तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी मिळाली, अशी बाबासाहेबांची भावना होती. प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही किंवा समाजद्रोही ठरवणाऱ्यांनी हे भाषण एकदा वाचावे. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेचा धोकाही सांगून ठेवला आहे.

आणि शेवटी १९५६. ४ फेब्रुवारीला 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. ऑक्टोबरमध्ये बाबासाहेब नागपूरला आले, सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले. १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर त्यांनी लाखोंच्या समुदायापुढे भाषण केले. प्रकृती खालावलेली होती आणि सांगायचे पुष्कळ होते. तरीही आरंभीच त्यांनी एक प्रश्न हाती घेतला: नागपूरच का? राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे ठाणे येथे आहे, त्याला डिवचण्यासाठी हे शहर निवडले, अशी कुजबुज चालली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. दुसऱ्याला अपशकुन करण्यात घालवायला आपल्याकडे वेळ नाही, असे सांगून त्यांनी बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांच्या इतिहासाचे कारण पुढे ठेवले. वर्तमानपत्रांनी चाळीस वर्षे आपला पिच्छा कसा पुरवला, हेही त्यांनी बोलून दाखवले. अफवेला त्यांनी शिवीने उत्तर दिले नाही. कारण सांगून उत्तर दिले. पुढे दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

या जीवनातून आम्ही काय घ्यायचे? प्रस्थापित माध्यमे आपली बातमी दडपतात, ही तक्रार खरी आहे आणि ती करत राहिलेच पाहिजे. परंतु चळवळीतला एक गट दुसऱ्याचे भाषण न ऐकताच त्याला दलाल ठरवतो, तेव्हा बाबासाहेबांच्या कोणत्या शिकवणीचे पालन होते? वेगळे मत असलेल्या कार्यकर्त्याचे म्हणणे आधी पूर्ण मांडावे आणि मग हवे तितक्या कठोरपणे खोडावे. बातमी आली तर ती कोणी दिली, कोणाच्या पैशावर दिली आणि त्यात कोणाचा आवाज नाही, हे विचारावे. बाबासाहेबांच्या नावाने एखादे वाक्य आले तर ते कोणत्या ग्रंथात आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये.

त्यासाठी लागणारे साधन नागपूरच्याच एका सुपुत्राने आपल्या हाती दिले आहे. वसंत मून यांच्या संपादनाखाली १४ एप्रिल १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड प्रकाशित करायला सुरुवात केली. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे अंकही पुस्तकरूपाने मिळतात. प्रत्येक वस्तीच्या बुद्धविहारात हे खंड कपाटात कुलूपबंद न राहता टेबलावर उघडे असावेत आणि आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनासाठी व वादासाठी राखून ठेवावी. तेथे बाबासाहेबांच्या विरोधकांचे लेखही वाचले जावेत. त्यांची सुरुवात करायला १९३७ ची ती आवृत्ती आहेच.