श्रीमंत महादजी शिंदे : तोफा आणि तहनामे

१२ फेब्रुवारी ही श्रीमंत महादजी शिंदे यांची पुण्यतिथी. आम्हां लष्कर-ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींच्या तोंडी त्यांचे नाव नित्य असते; परंतु त्यांच्या चरित्राविषयी कोणी विचारले, तर पानिपत, अधू झालेला पाय आणि दिल्ली यांपलीकडे सहसा कोणास सांगता येत नाही. वास्तविक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात शस्त्रविद्या आणि शिष्टाई यांची सांगड ज्यांनी घातली, त्यांत महादजींचे स्थान फार वरचे आहे. त्यांच्या चरित्राची ही बाजू भाविक वाचकांपुढे ठेवावी, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

महादजी हे राणोजी शिंद्यांचे पुत्र. घराणे सातारा प्रांतातील कण्हेरखेडच्या पाटीलकीचे. त्यामुळे पुढे हिंदुस्थानचा कारभार हाती आल्यावरही ते स्वतःस पाटील म्हणवून घेत आणि लोकही त्यांना पाटीलबाबाच म्हणत. ज्येष्ठ बंधू जयाप्पा १७५५ साली नागोरास मारले गेले. दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर तुकोजी गेले आणि पुतणे जनकोजीही हाती लागून मारले गेले. महादजी त्या रणातून निसटत असता एका पठाण स्वाराने गाठून त्यांच्या पायावर घाव घातला. जन्मभराचे लंगडेपण आले, पण राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून बैलावर घातले आणि दक्षिणेकडे आणले. महादजींनी या उपकाराची आठवण शेवटपर्यंत ठेवली. राणेखानास भाऊ मानले, सरदारी दिली, आणि पुढे दिल्लीवर फौज पाठविण्याची वेळ आली तेव्हा तिचे नेतृत्वही त्याच्याकडेच दिले.

शिंद्यांची सरदारी बऱ्याच वादानंतर १७६८ साली त्यांच्याकडे आली. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये अलाहाबादेस इंग्रजांच्या आश्रयास राहिलेला बादशहा शाहआलम महादजींच्या सोबतीने आपल्या राजधानीत परतला. पानिपतास तेव्हा अकरा वर्षे होत होती.

इंग्रजांशी त्यांची खरी गाठ पडली ती रघुनाथरावांच्या प्रकरणात. राघोबादादांना पेशवाईवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी सुमारे चार हजारांची फौज घाटावर चढविली. बरोबर १९,००० बैलांचा तांडा! एवढे लटांबर घेऊन ही फौज दिवसाला जेमतेम दोन-तीन मैल चालत असे. मराठ्यांनी समोरासमोर झुंज न देता वाटेवरचा दाणावैरणीचा मुलूखच उजाड केला. तळेगावास पोहोचावे तो गाव जळालेले. इंग्रजांनी जड तोफा तळ्यात टाकून रात्री माघार घेतली, ती वडगावास अडली, आणि जानेवारी १७७९ मध्ये त्यांना तेथे करार करून सुटका करून घ्यावी लागली. या वेळी वाटाघाटी महादजींच्या हाती होत्या. कोंडलेल्या शत्रूस कापून न काढता त्यांनी जाऊ दिले. पुण्यातील काहींना ते मानवले नसेलही. परंतु या सौजन्याची किंमत त्यांनी पुढे कागदावर वसूल केली, हे आता दिसेलच.

कलकत्त्याच्या सरकारने वडगावचा करार मानला नाही. युद्ध पुन्हा पेटले आणि या वेळी झळ महादजींच्या घरालाच लागली. ४ ऑगस्ट १७८० च्या पहाटे पॉफम याच्या शिपायांनी पायांत कापूस भरलेले जोडे घालून, शिड्या लावून, आवाज न होऊ देता ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. किल्ल्याखालून जाताना ती सरळ उभी कातळभिंत पाहिली की आजही ही गोष्ट खरी वाटत नाही. पुढच्या वर्षाच्या आरंभी सिप्री, म्हणजे आजची शिवपुरी, येथील मोहिमेतही महादजींना कॅमॅकच्या पलटणींपुढे मार खावा लागला. कवायती पायदळ आणि हलक्या, झपाट्याने हलणाऱ्या तोफा यांच्यापुढे घोडदळ किती दिवस टिकणार, हा प्रश्न पानिपतापेक्षाही येथे त्यांना अधिक स्पष्ट झाला असावा, असे आम्हांस वाटते.

आश्चर्य हे की, या पराभवानंतरच त्यांच्या शिष्टाईचा कळस झाला. ऑक्टोबर १७८१ मध्ये त्यांनी इंग्रजांशी स्वतंत्र समेट केला आणि पुणे दरबार व कंपनी यांच्यात मध्यस्थी करण्याचे पत्करले. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेस असलेल्या सालबाई या गावी तह झाला. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी जिंकलेला मुलूख पेशव्यांना परत मिळाला, साष्टी इंग्रजांकडे राहिली, राघोबांचा पक्ष इंग्रजांनी सोडला. वडगावास दाखविलेल्या औदार्याबद्दल भडोच महादजींना मिळाले. परंतु भडोचपेक्षा मोलाचे कलम निराळेच होते. तहाच्या पालनास दोन्ही पक्षांसाठी जामीन म्हणून महादजींचे नाव लिहिले गेले. पेशव्यांचा एक सरदार दोन सत्तांमधला जामीन झाला! नाना फडणिसांना हे रुचणे कठीणच होते. हैदरअल्लीचे डिसेंबर १७८२ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी तहावर शिक्कामोर्तब केले नाही. ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी गोहदच्या राण्यास दिला होता. तो महादजींनी १७८३ मध्ये परत घेतला.

त्यानंतर त्यांनी हातात घेतले ते शस्त्रांचे काम. १७८४ साली सॅव्हॉय प्रांतातील बेन्वा द ब्वान्य, ज्याला आपले जुने लोक डिबॉइन म्हणत, त्यास त्यांनी चाकरीस ठेवले. आरंभी प्रत्येकी साडेआठशे शिपायांच्या दोनच पलटणी होत्या. पुढे त्यांचे कंपू झाले, आग्र्यास सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या, बंदुका घडू लागल्या. शिपायांचा पगार वेळेवर व्हावा म्हणून दुआबातील परगणे याच कामासाठी लावून दिले. आमच्या मते सुधारणेचा गाभा हाच होता. पूर्वीच्या फौजा शत्रूपेक्षा थकलेल्या पगारानेच अधिक वेळा मोडत.

हे सगळे सरळ घडले असे मात्र नाही. डिसेंबर १७८४ मध्ये बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुतलक नेमले आणि महादजींना त्यांचे नायब. लगेच १७८५ मध्ये बादशहाच्या नावाने कंपनीकडे बंगालच्या खंडणीची मागणी गेली. मॅक्फर्सनने ती धुडकावली आणि महादजींना मागे घ्यावे लागले. १७८७ मध्ये लालसोटला बादशाही पलटणी शत्रूस मिळाल्या आणि दिल्ली हातची गेली. त्या अवधीत, ऑगस्ट १७८८ मध्ये, गुलाम कादिराने शाहआलमचे डोळे काढले. राणेखानाच्या फौजेने त्याच वर्षी दिल्ली सोडविली आणि गुलाम कादिरास पकडले. मग १७९० च्या जूनमध्ये पाटण आणि सप्टेंबरमध्ये मेडता येथे नव्या कंपूंनी आपले काम दाखविले. मेडत्यास राठोड स्वारांनी जिवाची पर्वा न करता वारंवार हल्ले केले, पण चौकोन बांधून उभे राहिलेले पायदळ त्यांना फोडता आले नाही. शौर्य राठोडांचे थोर होते, याबद्दल दुमत नाही.

जून १७९२ मध्ये महादजी पुण्यास आले, बादशाही फर्मान थाटाने पेशव्यांस अर्पण केले, आणि दरबारात खालच्या जागी बसून धन्याच्या पादुका सांभाळणारे चाकर म्हणवून घेतले. ही कथा सर्वश्रुत आहे. नानांशी त्यांची चुरस मात्र चालूच राहिली. १ जून १७९३ रोजी लाखेरीच्या लढाईत त्यांच्या कंपूंनी होळकरांची फौज उधळली. मराठ्यांच्या तोफा मराठ्यांवरच चालल्या; इंदूरच्या आमच्या बांधवांना हे वाचताना वाईट वाटेल, आम्हांसही लिहिताना वाटते. पुढे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत महादजींचा अंत झाला.

त्यांच्या व्यवस्थेत एक फट राहून गेली होती. कंपूंचे अंमलदार परदेशी होते आणि डिबॉइनने तर कंपनीविरुद्ध शस्त्र धरणार नाही, ही अट प्रथमच घातली होती. महादजी असेपर्यंत इंग्रजांशी सलोखा राखून त्यांनी ही अट कधी कसोटीस लागू दिली नाही. दौलतरावांच्या काळी, १८०३ साली, ती वेळ आली. वेल्स्लीच्या जाहीरनाम्यानंतर अनेक इंग्रज अंमलदार निघून गेले, डिबॉइनच्या जागी आलेला पेराँही शरण गेला. तरीही २३ सप्टेंबरला असईच्या मैदानात एतद्देशीय गोलंदाज आपल्या तोफांपासून हलले नाहीत. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे जाताच उठून मागून त्यांच्यावर तोफा डागू लागले.

वानवडीस महादजींच्या दहनस्थानी छत्री आहे आणि तेथेच त्यांनी बांधविलेले महादेवाचे मंदिरही आहे. पुण्यास जाणाऱ्या भाविकांनी तेथे अवश्य दर्शन घ्यावे.